भो, डबा आला!

जळगावात एम. जे. कॉलेजच्या आसपास किंवा धुळ्याच्या देवपुरात भाड्याच्या खोलीत तीन पोरं राहत असली, तर त्यातला एक प्रेमात असतो, एक एमपीएससीत असतो आणि तिसरा बाहेर असतो. या तिसऱ्याला सगळे नुसतं 'पार्टनर' म्हणतात. भाडं तो बरोबर एक तृतीयांश भरतो. खोली त्याला मिळते ती प्रियकराच्या मोबाइलचं चार्जिंग संपलं की.

रात्री नऊ वाजले, की प्रियकर म्हणतो, "भो, जरा फिरी ये ना." पार्टनर कारण विचारत नाही. पायात चप्पल सरकवतो, पाण्याची बाटली घेतो आणि निघतो. एमपीएससीवाला मात्र हलत नाही. त्याच्या कानात बोळे असतात आणि 'एक वाक्यही ऐकलं नाही' हे तो शपथेवर सांगू शकतो. ऐकतो सगळं.

पुण्यामुंबईकडच्यांना वाटेल, खोलीवर मुलगी येत असणार. राम राम! खोली देतानाच आप्पांनी बजावलेलं असतं : पोरी नको, पार्टी नको आणि पाण्याच्या मोटारीला हात नको. (खान्देशात खोलीमालक एक तर आप्पा असतो, नाहीतर नाना. तिसरी जात माझ्या पाहण्यात नाही.) सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण आप्पा रोज टाकी बघायला गच्चीवर जातात आणि जिना खोलीच्या दारावरून जातो, त्याला न्यायमूर्ती तरी काय करणार? म्हणून पार्टनरची पहिली जबाबदारी जिन्याची. आप्पांची चाहूल लागली, की त्याने खालून ओरडायचं, "भो, डबा आला!" की वर फोन उशीखाली. अडचण एवढीच, की कधी कधी डबा खरंच येतो. मग फोन उशीखाली, तिकडे ती रुसलेली, आणि डबेवाला दारात उभा राहून विचारतोय, "दादा, घाम कशाचा?"

घाम कशाचा म्हणजे काय! एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. अख्खी गल्ली गाद्या घेऊन गच्चीवर. चार घरांच्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे तिथे कुजबुजलेलं पाचव्या घरी पोचतं. खालच्या खोलीची भट्टी झालेली. अशा वेळी प्रेमाला एकच आडोसा उरतो, कूलरचा. त्या पत्र्याच्या धुडाचा आवाज एवढा, की त्याच्यामागे तोंड घालून काहीही बोलावं. प्रियकर तसाच बसलेला असतो, अर्धा ओला. आणि नेमकी लाइट जाते. कूलर बंद. सगळी गल्ली चिडीचूप. त्या शांततेत त्याचं वाक्य मात्र चालूच असतं, पूर्ण आवाजात : "मंग, भाजी काय व्हती?"

पलीकडून उत्तर आलं असणार, कारण तो हळहळला, "गिलक्यांची? आजबी?"

ज्याच्यासाठी पार्टनरने वर्षभर चपला झिजवल्या, ते गुपित हे. बाजूच्या गच्चीवरून एक आजी म्हणाली, "लसूण कमी टाकत असतीन मेसवाले."

प्रत्यक्ष भेट म्हटली, की मेहरूण तलाव. धुळ्यात नकाणे, किंवा हिंमत असली तर लळिंग. पण तिथे पोचणं सोपं, अनोळखी राहणं अवघड. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि यावल-रावेरपासून साक्री-शहाद्यापर्यंतची पोरं खोल्या शोधत जळगावात येऊ लागली. विद्यापीठाचं कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. आमच्या सोयरिकीचं कार्यक्षेत्रही नेमकं तेवढंच. भेळवालासुद्धा पुडी बांधता बांधता विचारतो, "गाव कोणतं? अमळनेर? मंग त्या बंगल्यावाल्या तात्यांचा कोण तू?" इथे प्रेमी जोडप्याला पोलिसांपेक्षा मामा जड जातात.

म्हणून पार्टनर सोबत लागतो. तिच्याकडूनही एक पार्टनरीण येते. जोडपं एका बाकावर, हे दोघे वीस पावलांवर दुसऱ्या बाकावर. सिनेमात यांचंही जुळलं असतं. इथे दोघे युनियनच्या पुढाऱ्यांसारखे कामाच्या अटी बोलतात. तिला रात्री फोन संपेपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसावं लागतं, वर वसतिगृहाच्या बाईंना 'ती अंघोळीला गेलीय' असं सांगावं लागतं. "रोज दोनदा अंघोळ, तीही पाणी चार दिवसांनी येतं तिथे! बाईंना संशय येणार नाही का?" पार्टनरला आपलं दुःख हलकं वाटू लागतं.

वसतिगृहाच्या रजिस्टरवरही पार्टनरचा अभ्यास आहे. नोट्स, औषधं, रुसवा काढायला घेतलेली कुल्फी, सगळं गेटवर पोचवायला तोच जातो, आणि 'नातं' या रकान्यात काय लिहायचं हे त्यानेच शोधून काढलं. सख्खा भाऊ लिहिला, तर आडनाव आड येतं. आतेभाऊ लिहिला, तर बाईंच्या भुवया वर, कारण आत्याच्या मुलाला आपल्याकडे मुलगी देतात. मावसभाऊ बिनधोक. दिल्लीच्या मुलींनी २०१५ मध्ये वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध 'पिंजरा तोड' चळवळ काढली; इकडे मावसभाऊ काढणं स्वस्त पडलं.

यातली बरीच प्रेमं शेवटच्या सेमिस्टरबरोबर निकालात निघतात. एक मात्र घरच्यांच्या होकारापर्यंत गेलेलं मी पाहिलं. पाचोऱ्याकडच्या त्या लग्नात कानपिळीची वेळ झाली, आणि नवरीला भाऊ नाही. शोधाशोध सुरू झाली. वसतिगृहाच्या बाई जेवायला आल्या होत्या. त्यांनी मांडवात लांब उभ्या असलेल्या पार्टनरकडे बोट दाखवलं. "तो काय मावसभाऊ! तीन वर्षं सही करतोय माझ्याकडे."

नवरीच्या खऱ्या मावश्या एकमेकींकडे बघू लागल्या. पण मुहूर्त जवळ आलेला आणि भटजी घाईत. पार्टनर पुढे झाला, बाह्या सारल्या आणि नवरदेवाचा कान धरला. रीत म्हणून हलकासा पिळायचा असतो. याने गच्ची, जिना, मेहरूण, कूलर, सगळं आठवून पिळला.

"सोड ना भो!" नवरदेव कळवळला.

"मार्च-एप्रिलचं भाडं राह्यलंय तुझं," पार्टनर हळूच म्हणाला आणि दुसऱ्या कानाकडे वळला.