फ्रीजवर एवढा विश्वास बरा नव्हे

टोरांटो,
१२ एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,


तुमच्या येण्याचं नक्की झालं, तिकिटंही निघाली, आता बॅगा भरण्याचं महायुद्ध सुरू होईल. गोडा मसाला किती किलो आणि कुरडया कुठल्या डब्यात, या प्रश्नांवर माझं मत विचारलं जाणार नाही हे मी जाणून आहे. म्हणून ज्या एका वस्तूबद्दल मत द्यायचा हक्क मुलाला आहे, तिच्याबद्दलच लिहितो: बाबांचं इन्सुलिन. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र अर्धवट ठेवलंत तरी काम होईल. आपल्याकडे इन्सुलिन ठेवताना लोक उन्हाला जेवढे घाबरतात त्याच्या निम्म्यानेही गारठ्याला घाबरत नाहीत, आणि हे बरोबर उलटं आहे. ऊन इन्सुलिनला हळूहळू झिजवतं. बर्फ त्याला एका रात्रीत निकामी करतो.

ही गोष्ट तुम्हा नाशिककरांना समजावून सांगावी लागते हेच नवल. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतो, कारण मण्याला एप्रिलच्या उन्हापेक्षा त्या एका पहाटेची धास्ती जास्त असते. इन्सुलिन हे प्रथिन आहे. पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि मधलं प्रथिन दाटीवाटीने एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. वितळल्यावर पाणी पुन्हा पाणी होतं, प्रथिन मात्र पूर्वीसारखं होत नाही. फ्रीजरमध्ये गोठलेलं दही बाहेर काढल्यावर चोथापाणी होतं आणि कितीही ढवळलं तरी त्याचं परत दही होत नाही, तसंच हे. म्हणून प्रत्येक कंपनी आपल्या चिठ्ठीत छापते की गोठलेलं इन्सुलिन वितळवूनसुद्धा वापरू नका. ती चिठ्ठी एवढ्या बारीक अक्षरात असते की मुंग्यांनीच वाचावी, पण मजकूर खरा आहे.

आता आपल्या लाडक्या फ्रीजकडे येऊ. मराठी घरातला फ्रीज हे यंत्र नसून एकत्र कुटुंब आहे. त्यात विरजण असतं, इडलीचं पीठ फुगत असतं, ओल्या फडक्यात कोथिंबीर असते, गजरा असतो, आणि श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सोडून काहीही असतं. एवढ्या गर्दीत इन्सुलिनच्या बाटलीला जागा मिळते ती एक तर दारात, नाही तर फ्रीजरखालच्या ट्रेमध्ये. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, तेव्हा तिथे बाटलीला सारखे झोके बसतात. फ्रीजरखालचा ट्रे आणि मागची भिंत या जागा तर थेट गोठवणाऱ्या. त्यात ते आतलं बटण, १ ते ७ आकड्यांचं. त्यावरचा ५ म्हणजे पाच अंश सेल्सिअस, असं समजणारे सुशिक्षित लोक मला माहीत आहेत (नावं घेत नाही, पत्र घरीच येतंय). तो आकडा तापमानाचा नसून गारव्याच्या जोराचा असतो. मोठा आकडा म्हणजे जास्त गार. मे महिन्यात बटण ७ वर जातं आणि दिवाळी झाली, हवेत गारवा आला, तरी तिथेच राहतं. मग आतली काकडी काचेसारखी होते, आई तिला ‘जरा जास्तच गार झाली’ म्हणते, आणि काकडीला टेकून बसलेल्या बाटलीचं काय झालं असेल हे कुणी विचारत नाही.

हा माझा कल्पनाविलास नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१८ साली असा अभ्यास मांडला होता. युरोप-अमेरिकेतल्या मधुमेही लोकांनी इन्सुलिनशेजारी, घरच्या फ्रीजमध्ये किंवा सोबतच्या पिशवीत, तापमान नोंदणारे छोटे सेन्सर ठेवले. सुमारे ७९ टक्के नोंदींत तापमान ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलेलं सापडलं. फ्रीजमधलं इन्सुलिन दिवसाला सरासरी अडीच तास चुकीच्या तापमानात होतं, आणि १७ टक्के सेन्सरनी तर शून्याखालचा पारा नोंदवला. हे अशा देशांतलं, जिथे वीज जात नाही आणि फ्रीजमध्ये इडलीचं पीठ नसतं.

यावर बाबांचं उत्तर मला इथूनच ऐकू येतं: ‘डॉक्टरांनी फ्रीजमध्ये ठेवा म्हणून सांगितलंय.’ सांगितलंय, आणि बरोबर सांगितलंय. पण ते न उघडलेल्या बाटल्यांबद्दल. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांचा साठा २ ते ८ अंशांत राहायला हवा, त्यात वाद नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन हा वेगळा मामला. बहुतेक इन्सुलिनं एकदा वापरायला काढली की साधारण २५ ते ३० अंशांखाली चार आठवडे चांगली राहतात. काही प्रकार त्याहून जास्त दिवस टिकतात. आपल्याच खोक्यातल्या चिठ्ठीत काय मर्यादा दिली आहे ती पाहायची. शिवाय थंडगार इन्सुलिन टोचलं की झोंबतं, खोलीच्या तापमानातलं कमी झोंबतं. म्हणजे जी बाटली रोज लागते तिला दिवसातून दोनदा फ्रीजमधून काढा-ठेवा करण्यात पुण्यही नाही आणि सुखही नाही.

‘पण आपल्याकडचं ऊन?’ हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. नाशकात पारा चाळिशीला टेकतो, मालेगावात तर तो चाळिशीला पाहुणा समजत नाही, घरचा समजतो. पण पुरावा बघा. केनियाच्या उत्तर भागात ददाब इथे निर्वासितांच्या छावण्या आहेत. तिथल्या झोपड्यांत रात्री २५ आणि दुपारी ३७ अंशांपर्यंत पारा हलतो आणि फ्रीजचं नाव नाही. जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी तसंच चढउताराचं तापमान प्रयोगशाळेत चार आठवडे देऊन इन्सुलिन तपासलं. २०२१ साली निष्कर्ष छापून आला: फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या तुलनेत ताकदीत फरक फार तर एक टक्का. २०२३ साली वैद्यकीय पुरावा पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासगटाने असा सगळा पुरावा एकत्र तपासला, तेव्हाही उष्णतेला इन्सुलिन आपण समजतो त्यापेक्षा बरंच चिवट निघालं. याचा अर्थ बाटली गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घाला असा नाही. अर्थ एवढाच, की दुपारी चार तास वीज गेली म्हणून चांगला साठा फेकून द्यायचं कारण नाही, आणि घाबरून तो फ्रीजरमध्ये कोंबायचं तर मुळीच नाही. फ्रीजचं दार बंद ठेवलं तरी ते चार तास निघतात.

आणि फ्रीजशिवाय इन्सुलिन जगतच नाही असं म्हणणाऱ्यांना सांगा, की ज्या गावातून हे पत्र लिहितोय त्याच गावात ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. तेव्हा घरोघरी विजेचे फ्रीज इथेही नव्हते. नाशिकच्या वाड्यांत तर फ्रीज यायच्या कितीतरी आधी इन्सुलिन जगभर पोचलं होतं. तेव्हा लोक जे वापरत ते आपल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आजही उभं आहे: माठ. पाण्याची वाफ होताना ती भांड्यातली उष्णता घेऊन जाते, एवढंच त्याचं शास्त्र. हवा जितकी कोरडी तितका माठ गार; म्हणून तो नाशकात एप्रिल-मेमध्ये जोरात चालतो आणि मुंबईत कुरकुरतो. पावसाळ्यात तो आळशी होतो खरा, पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही. एका मोठ्या मातीच्या कुंड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात कोरडी झाकणाची डबी, डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि हे सगळं सावलीत, वारा लागेल अशा जागी. बाटलीला पाण्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. या मांडणीतला सगळ्यात मोठा गुण असा, की काही केलं तरी त्यात बाटली गोठत नाही. इथे याच तत्त्वावरच्या पाण्यात भिजवायच्या पिशव्या विकत मिळतात. किंमत ऐकलीत तर तुम्ही कुंभारवाड्यात जाऊन माठाच्या पाया पडाल.

प्रवासातही तीच भीती उलटी. औषधाच्या दुकानातून बर्फाच्या पिशवीत इन्सुलिन आलं की आपल्याला वाटतं, काय ही काळजी! पण फ्रीजरमधून नुकतीच काढलेली बर्फाची पाकिटं बाटलीला टेकली तर त्या काळजीनेच बाटली जाते. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर लस घेऊन जाणाऱ्या आरोग्यसेविकेला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ती बर्फाची पाकिटं थेट डब्यात भरत नाही. त्यांना घाम सुटेपर्यंत बाहेर ठेवते, हलवून आत पाणी खळखळतंय का ते कान लावून ऐकते, मगच लसीशेजारी ठेवते, कारण काही लसी गोठल्या की कामातून जातात. आपणही तेच करायचं: घाम सुटलेलं पाकीट, त्याला टॉवेलची घडी, मग बाटली. नाशिकहून मुंबई विमानतळ कसारा घाटाने गाठा की समृद्धी महामार्गाने, इन्सुलिनची पिशवी गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर नको, मांडीवर हवी. चहासाठी थांबलात तर पिशवीही उतरली पाहिजे. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत तासाभरात पारा पन्नाशीकडे जातो, आणि एवढं ऊन मात्र इन्सुलिनच्या चिवटपणातही बसत नाही.

विमानात ते हातातल्या बॅगेत, कधीच चेक-इनच्या बॅगेत नाही. खालच्या सामानकक्षात फार गारठा होऊ शकतो, आणि बॅग आपल्याआधी फ्रँकफर्टला उतरली तर आणखी पंचाईत. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत ठेवा. त्यावर इन्सुलिन, सुया आणि गार पाकिटं यांचा उल्लेख हवा, म्हणजे सुरक्षा तपासणीत बाबांना भाषण करावं लागणार नाही. विमानातल्या मुलींना ‘बेटा, हे जरा बर्फात ठेव’ असं प्रेमाने सांगू नये. त्या खरोखर ठेवतील. केबिनची हवा इन्सुलिनला मानवते. आणि साठ्याचे दोन भाग करून एक बाबांच्या बॅगेत, एक आईच्या पर्समध्ये. आईच्या पर्समधून आजवर काही हरवलेलं नाही, सापडायला वेळ लागतो एवढंच.

उरला शेवटचा आक्षेप, सगळ्यात मराठी: ‘इतकी वर्षं असंच ठेवतोय, काही झालं नाही.’ अडचण अशी की बिघडलेलं इन्सुलिन दुधासारखं नासून दिसत नाही. गढूळ प्रकारात गुठळ्या किंवा काचेवर पांढरे कण दिसू शकतात, पण पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन ताकद गेल्यावरही स्वच्छच दिसू शकतं. मग साखर चढते. दोष आमरसावर जातो, नातवाच्या वाढदिवसाच्या केकवर जातो, शेवटी डोस वाढतो. आणि पुढच्या महिन्यात पूर्ण ताकदीची नवी बाटली उघडली, की तोच वाढवलेला डोस साखर धाडकन खाली आणतो. खरा धोका तिथे आहे. साखर कारण नसताना चढायला लागली, की आधी बाटलीवर संशय घ्यायचा आणि डॉक्टरांना विचारायचं.

नाशिकहून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या कंटेनरमध्ये तापमान नोंदणारं यंत्र बसवतात. एक अंश इकडेतिकडे झाला तर भांडणं होतात. जे रोज पोटात टोचायचं, त्याच्या शेजारी मात्र आपण साधा थर्मामीटर ठेवत नाही. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर चार माणसांच्या मिसळीच्या पैशांत येतो. तो फ्रीजच्या मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, बंद डब्यात बाटल्यांबरोबर ठेवा आणि आठवडाभर सकाळी बघा. किमान आकडा २ च्या खाली गेला तर बटण एक घर मागे. आईला विनंती, की त्या डब्यावर कोथिंबीर ठेवू नये.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुमचा,
चिरंजीव

ता. क. : आपल्याकडची इन्सुलिनची बाटली बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि तिची लाल टोपणाची सिरिंजही ४० चीच. इथे बहुतेक सगळं १०० चं आहे. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली तर डोस निम्म्याहूनही कमी जातो, आणि उलट केलं तर अडीचपट. म्हणून लागतील त्याहून जास्त सिरिंजा तिकडूनच आणा. इथे ४० ची सिरिंज मिळते, पण कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकडे.