डिकी सुतळीने बांधणाऱ्या गृहस्थांस खुले पत्र

प्रति,
डिकीचे झाकण सुतळीने बांधून पेण-रोहे मार्गाने वाहन हाकणारे गृहस्थ यांस.
विषय : मोटारीची डिकी व तीत सामान भरण्याची रीत.

डिकी म्हणजे मोटारीचा मागचा, झाकणाने बंद होणारा सामानाचा कप्पा. यातील ‘झाकणाने बंद होणारा’ हे शब्द शोभेसाठी घातलेले नाहीत. सदर गृहस्थांनी ते सावकाश, ओळीखाली बोट धरून वाचावेत.

डिकीचे माप लिटरमध्ये सांगतात. २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे कप्प्यात रचायचे आणि किती बसले ते मोजायचे, अशी ही रीत आहे. वॅगनआरच्या डिकीत या हिशेबाने ३४१ लिटर जागा निघते. अर्टिगात तिसरी रांग उभी असताना २०९ आणि पाडल्यावर ५५०. सातही जागा भरल्या की माणशी तीस लिटरसुद्धा पुरे येत नाहीत, म्हणजे फार तर शाळेचे एक दप्तर. गणपतीला गावी निघालेल्या सात माणसांचे सामान दप्तराएवढे नसते. उरलेले मांडीवर, पायांखाली आणि पार्सल ट्रेवर काचेला टेकून प्रवास करते, आणि चालकाला मागचा रस्ता दिसण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. शिवाय ठोकळे काटकोनी असतात. नारळ, कोहळा आणि तवसे यांना ती शिस्त नाही. गाडी सीएनजीवर असेल तर डिकीतील बरीचशी जागा टाकीनेच घेतलेली असते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवल्या त्या यासाठीच. ज्यांची टाकी जुन्या पद्धतीची आहे त्यांनी निदान तिच्या व्हॉल्व्हवर पाटा-वरवंटा आपटणार नाही एवढे पाहावे. आतला वायू सुमारे २०० बार दाबाखाली असतो.

मापानंतर वजन. गाडी भरून किती किलोची होऊ शकते आणि रिकामी किती किलोची आहे, यातील फरक हा तिचा भार. लहान मोटारीत तो माणसे धरून साधारण चार-पाचशे किलो असतो. पाच प्रौढ माणसे बसली की त्यातले सव्वातीनशे संपतात. उरलेल्या शंभर-दीडशे किलोंत तांदळाचे पन्नास किलोंचे पोते, दोन बॅगा, पोह्यांच्या आणि पापडांच्या पिशव्या आणि असोल्या नारळांची गोणी बसवायची असते. पन्नास असोले नारळ साठ किलोंच्या घरात सहज जातात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घर रोह्याचे. त्या गावच्या माणसाला बेरीज-वजाबाकी शिकवण्याची वेळ या पत्रावर यावी हे दुर्दैव.

डिकी मागच्या चाकांच्याही मागे असते, आणि तिच्यातील जड वजन पुढची चाके उचलू पाहते. सुकाणू हलके लागते, ब्रेक लांबतो आणि गाडीचे दिवे रस्ता सोडून झाडांचे शेंडे उजळतात. वडखळच्या बाजूने रात्री येणाऱ्या एसटीच्या चालकाला समोरून फक्त पांढरा प्रकाश दिसतो. बऱ्याच गाड्यांत सुकाणूच्या बाजूला शून्य ते तीन असे आकडे असलेले छोटे चाक असते; भार वाढला की ते फिरवून दिव्यांचा झोत खाली आणायचा असतो. हे चाक रेडिओचे नाही. भरलेल्या गाडीला टायरमध्ये हवा किती हवी, तेही चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेले असते आणि तिथेच राहते.

आता रचण्याचा क्रम. जड ते तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकून, हलके त्यावर, आणि एकंदर ढीग सीटच्या पाठीपेक्षा उंच नाही. डिकीच्या कोपऱ्यांत लहान लोखंडी कड्या असतील, तर दोरी तिथे बांधायची. हा क्रम न पाळल्यास काय होते, ते शाळेच्या भौतिकशास्त्रात सांगितलेले आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी जागच्या जागी थांबली तर आतील मोकळी वस्तू थांबत नाही. ती ज्या जोराने पुढे येते तो चौदा मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून, खाली पडणाऱ्या वस्तूच्या जोराएवढा असतो. वस्तू म्हणजे दहा किलो तांदूळ, आणि वाटेत आहे ते मागच्या सीटवर डुलकी घेणाऱ्या आजीचे डोके. घाटात तर एवढ्या वेगानेही जावे लागत नाही. नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंडीत चढावर सगळा ढीग झाकणावर रेलतो, उतारावर तोच सीटच्या पाठीवर येतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांत तो उड्या मारतो. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि दशकभर रखडले, तेव्हा उड्या मारण्याचा सराव इथल्या सामानाला भरपूर आहे. एखादा सुटा नारळ सीटखालून घरंगळत चालकाच्या पायांशी पोहोचतो आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसतो. पाण्याची बाटलीही हेच करते. स्टेपनी बहुतेक लहान गाड्यांत या सगळ्याच्या तळाशी असते. पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला पावसात कोहळे मांडून बसलेले कुटुंब दिसते ते विक्रीला बसलेले नसते.

गणेशमूर्तीचा वेगळा विचार करणे भाग आहे, कारण पेण आणि शेजारची हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे मूर्तींवरच ओळखली जातात आणि श्रावणात तिथे मोटारींची रीघ लागते. शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ असते. पहिली मोडतात ती हातांची बोटे, मग कान आणि प्रभावळ. तिला आडवी घालू नये. सपाट तळावर, खोक्यात, चारही बाजूंनी गोधड्यांनी घट्ट करून उभी ठेवावी आणि वर काहीही ठेवू नये. मूर्ती घरी नेताना तिचे तोंड नेणाऱ्याकडे असावे हा संकेत आणि डिकीची रुंदी यांचा मेळ काही वेळा बसत नाही. तेव्हा कारखान्यातला मूर्तिकार सांगेल ते ऐकावे. त्याच्या हातून दरवर्षी शेकडो मूर्ती गाड्यांत चढतात, आणि परदेशी जाणाऱ्या मूर्तीही इथूनच खोक्यांत बांधून निघतात.

या बाबतीत सदर गृहस्थांची तक्रार नाही. मूर्तीला त्यांच्या घरची माणसे दोन गोधड्या, एक उशी आणि सौभाग्यवतींची ओढणी यांनी असे बांधतात की खड्ड्यात तिचा मुकुटसुद्धा हलत नाही. त्याच गाडीत मागे, डिकीत, तांदळाच्या पोत्यावर एक सात-आठ वर्षांचा मुलगा बसलेला असतो. पाय झाकणाबाहेर सोडलेले, हातात वेफर्सचे पाकीट. त्याला पट्टा नाही, पाठीला टेकायला काही नाही. मागून कोणी जरासे ठोकले तर मधे त्या पोराचे गुडघे आहेत! चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. तो कमी आहे. मातीला गोधडी आणि पोराला पोते, असे करणाऱ्या माणसाला दंड काय करायचा, त्याला त्याच पोत्यावर बसवून वडखळपर्यंत न्यावे.

असो. पुढील मुद्दा झाकण.

सामान मावले नाही म्हणजे झाकण उघडे ठेवून सुतळीने बांधायचे, ही सदर गृहस्थांची खास रीत. तिचे परिणाम क्रमाने असे. उघडे झाकण वर गेले की नंबरप्लेट आणि काही गाड्यांत मागचे दिवेही मागच्या वाहनाला दिसेनासे होतात, त्यामुळे गाडी केव्हा थांबली हे ती अंगावर आल्यावर कळते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो; आतल्या माणसांना फक्त डोके जड झाल्यासारखे वाटते आणि ते दोष उन्हाला देतात. सामान ठरलेल्या मर्यादेबाहेर डोकावत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१अ) खाली २०,००० रुपये दंड आहे, वर सामान उतरवण्याचा खर्च वेगळा. लाल फडके बांधल्याने यातील काहीही माफ होत नाही. आणि सुतळी ही पुड्या बांधण्यासाठी असते.

पत्राचे निमित्त याच कलमाखाली येते. गौरी-गणपतींचे विसर्जन झाल्यानंतर, परतीच्या गर्दीत, रोह्याहून निघालेली एक लहान मोटार भिसे खिंड चढत होती. झाकण हातभर उघडे. चढाच्या वळणावर सगळा ढीग मागे आला, सुतळी तुटली आणि नारळांची गोणी रस्त्यावर आदळली. गोणीचे पोट फाटले. नारळ उताराला लागले आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलच्या चाकांत गेले. नवरा-बायको आणि मधे बसलेली मुलगी, तिघेही खाली. मुलीचे कोपर सोलवटले, आईच्या साडीचा पदर चाकात अडकता अडकता राहिला. मागे ट्रक असता तर हे पत्र इतक्या खेळीमेळीने लिहिले गेले नसते. सदर गृहस्थ गाडीतून उतरले. त्यांनी आधी नारळ गोळा केले. एकेक उचलून, पुसून, मोजत. मग मुलीकडे पाहिले आणि म्हणाले, “जरा लांबून चालवायला काय होतं?”

या वाक्याचे विवेचन कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

मात्र रस्त्यावर पडलेल्या गोणीकडे ज्यांनी नीट पाहिले त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पोट फाटले तरी तिचे तोंड शाबूत होते. दाभणाने शिवलेले, जवळजवळ, सारख्या अंतराचे टाके, शेवटी दुहेरी गाठ. हे काम सुतळीने झाकण बांधणाऱ्याचे नाही. गावच्या घरी, पडवीत बसून कोणीतरी ते केले होते. डिकी सदर गृहस्थ भरतच नाहीत, हे इथे नमूद करणे न्यायाचे. ते फक्त किल्ली देतात. भरतात ती घरची. निघायच्या सकाळी तांदूळ येतात, मग वाल, मग शेजारच्या काकूंनी मुंबईच्या लेकीसाठी दिलेली पिशवी. “आई, आता जागा नाही गं,” असे म्हटले की उत्तर ठरलेले असते: “अरे, तिकडे असले नारळ मिळतात का? पायाशी ठेव.” यावर युक्तिवाद करून जिंकलेला माणूस अजून रायगड जिल्ह्यात जन्मायचा आहे. नाही म्हणावे तर पुढच्या गणपतीपर्यंत ती गोष्ट घरात फिरते.

आणि मोटार नाही न्यायची तर काय न्यायचे? दिव्याहून रोह्याला मेमू येते, पण सणात तीत माणूसच उभा राहिला तर नशीब, गोणी कुठली. एसटीच्या टपावर गोणी टाकायचे दिवस गेले. २०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने मोटारी रेल्वेवर चढवून नेणारी कोलाड ते वेर्णे अशी रो-रो सेवा काढली, एका गाडीचे एका बाजूचे भाडे ७,८७५ रुपये. पण कोलाड रोहे तालुक्यातच आहे. ज्याला रोह्यालाच जायचे त्याला तिचा उपयोग गाड्या चढताना बघण्यापुरता. बघावे मात्र जरूर. कोलाडहून १९९९ पासून मालाचे ट्रकही असेच रेल्वेवर चढतात, आणि त्यांचे वजन व उंची तपासल्याशिवाय रेल्वे त्यांना हात लावत नाही.

किरकोळ बाबी. टपावरच्या कॅरिअरवर बऱ्याच लहान गाड्यांत पन्नास किलोंच्या आसपासच भार चालतो. तेवढ्यावर घडीचे मखर बसते, पलंग नाही. भरलेला गॅस सिलिंडर डिकीत नेऊ नये. सुके बोंबील झाकणाच्या डब्यात न्यावेत, नाहीतर गाडी विकतानाही गिऱ्हाईकाला ते कळतात. पोपटीसाठी, म्हणजे पाल्यात शेंगा भाजण्यासाठी, थंडीत मडकी न्यायची असतील तर ती पालथी, एकात एक न घालता, मधे भांबुर्डीचा पाला भरून ठेवावीत; पाला पुढे लागणारच आहे. डिकी उघडताना आधी बोटभर उघडून आतला भार झाकणावर रेललेला नाही ना ते पाहावे, मग पूर्ण उघडावी, आणि तोवर मुलांना मागे उभे करू नये.

सामान उरलेच तर ते एसटीच्या पार्सलने किंवा पुढच्या खेपेला न्यावे. नारळ टिकतात.

कळावे.

प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीसाठी : सदर गृहस्थांच्या मातोश्री, मु. पो. रोहे. सोबत विनंती, की पुढच्या वर्षी गोणी निम्मी भरावी आणि ती लेकाने कुठे ठेवली हे गाडी सुटण्याआधी स्वतः मागे जाऊन पाहावे. टाके उत्तम होते.