बोटभर शौर्य

आमच्या शहरातील सुखवस्तू मंडळींपुढे सध्या एक बिकट प्रश्न उभा आहे. पैशाचे करावे काय, हा तो प्रश्न नव्हे. ज्याचे छायाचित्र शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात आधीच लागलेले नाही असे काही या पृथ्वीवर उरले आहे काय, हा तो प्रश्न होय. शेंद्रा-बिडकीनकडील औद्योगिक पट्ट्यात गेलेल्या जमिनींचे मोबदले पदरात पडल्यापासून या मंडळींनी युरोप पाहिला, केदारनाथ हेलिकॉप्टरने केला, दुबईच्या वाळूत मोटार उडवून घेतली आणि स्वित्झर्लंडच्या बर्फात उभे राहून घरून नेलेली शंकरपाळीही खाल्ली. तेव्हा जालना रस्त्यावरील एका बंगल्यात परवा जे गुळगुळीत पत्रक हातोहात फिरत होते, त्यात अलास्काच्या समुद्रकाठच्या अरण्यात जाऊन रीतसर परवान्याने भलेथोरले तपकिरी अस्वल मारण्याच्या सहलीचे निमंत्रण असावे, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटले ते तिसऱ्या पानावरील एका आश्वासनाचे. तेथे ठळक अक्षरांत छापले होते: पूर्वानुभव आवश्यक नाही.

हे वाक्य आम्ही आजवर घरबसल्या मेणबत्त्या करण्याच्या धंद्याच्या जाहिरातींत वाचले होते. परंतु मागच्या पायांवर उभे राहिले असता दहा फुटांच्या घरात जाणाऱ्या आणि वजनात सहाशे किलोंनाही मागे टाकणाऱ्या कोडियाक बेटावरील नर अस्वलाशी गाठ घालून देतानाही तेच वाक्य तितक्याच निर्धास्तपणे छापता येते, हे कळल्यावर या शौर्याचा कारभार नेमका चालतो कसा, याची चौकशी करणे आम्हांस प्राप्त झाले. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, अलास्काच्या कायद्यान्वये परदेशी माणसास तेथे कोणतेही मोठे वन्य जनावर एकट्याने मारण्याची मुभा नाही. परवानाधारक वाटाड्या समवेत असणे सक्तीचे आहे. हा वाटाड्या अशा मोहिमेसाठी पंचवीस हजार डॉलरांच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस लाखांहून अधिक दक्षिणा घेतो, आणि तेवढ्या दक्षिणेत यजमानाच्या वतीने शौर्याचा संपूर्ण विधी सांगोपांग पार पाडून देतो. यजमानाने फक्त पळीभर पाणी सोडावयाचे असते.

विधीचा तपशील पाहण्यासारखा आहे. तंबू ठोकणे, चहा करणे, दिवसचे दिवस दुर्बिणीतून डोंगरउतार निरखीत बसणे, वारा कोणीकडून वाहतो ते पाहून वाट बदलणे, दिसलेले जनावर नर की मादी आणि मादी असल्यास तिच्यामागे पिल्ले आहेत काय (कारण पिल्ले व पिल्लांची माता यांस मारण्याची तेथे मनाई आहे) याचा निर्णय करणे, यंत्र डोळ्यास लावून अंतर मोजणे, यजमानाची बंदूक टेकविण्यासाठी आपलीच पडशी पुढे सरकविणे आणि अखेर योग्य क्षण येताच त्याच्या कानाशी ‘हं, आता’ असे पुटपुटणे, ही सारी कामे वाटाड्याची. यजमानाचे काम एकच: उजव्या हाताची तर्जनी अर्धा इंच मागे ओढणे. पुढची कामे पुन्हा वाटाड्याची. नेम चुकला आणि जनावर नुसतेच जायबंदी होऊन झुडपांच्या जाळीत शिरले, तर त्याच्या मागोमाग जाळीत शिरतो तो वाटाड्या. यजमान त्या अवधीत ओंडक्यावर बसून चॉकलेट खातो. कातडे सोलणे, त्यावरची चरबी खरवडणे, मीठ चोळणे, ओले कातडे पाठुंगळीस मारून तळापर्यंत वाहून आणणे, हेही त्यानेच करावयाचे. आणि सर्वांत शेवटी यजमान मेलेल्या जनावरामागे गुडघे टेकून हसतमुख बसला म्हणजे छायाचित्रही वाटाड्यानेच काढावयाचे, त्यामुळे त्या छायाचित्रात तो स्वतः कधीही नसतो.

आता ज्या मोहिमेत यजमानाच्या सबंध देहापैकी एकट्या तर्जनीलाच काम आहे, त्या मोहिमेवर उरलेला देह पाठविण्याचा खर्च कशासाठी, हे आम्हांस उमगत नाही. देहाला थंडी वाजते, देहाला गुडघेदुखी आहे, देहाला सकाळी पोहे लागतात, आणि मुख्य म्हणजे ऐन लग्नसराईत देह शहराबाहेर असला तर बीड बायपासवरील मंगल कार्यालयांत आहेराच्या रांगा अडून राहतात. तेव्हा आमची सूचना अशी की, यापुढे तर्जनीच तेवढी रवाना करावी. तिचे स्वतंत्र पारपत्र काढावे, तिचा स्वतंत्र विमा उतरवावा, तिला लोकरीचे एकबोटी मोजे शिवून द्यावेत आणि प्रवासात तिच्याकडून दुसरे कोणतेही हलके काम, उदाहरणार्थ लिफ्टची कळ दाबणे, करून घेऊ नये. मोहीम फत्ते करून ती चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरली म्हणजे ढोल-ताशांच्या गजरात तिची मिरवणूक काढावी. क्रांती चौकात ‘अस्वलमर्दिनी तर्जनीचे हार्दिक अभिनंदन’ असा फलक लागावा व त्याच्या खालच्या बाजूस मधले बोट, करंगळी, अंगठा आणि समस्त मित्रपरिवार शुभेच्छुक म्हणून झळकावेत. सत्कार समारंभात तिला अंगठीच्या मापाचा हार घालून ‘आपल्या मनोगतातून दोन शब्द’ बोलण्याची विनंती व्हावी, आणि तिने, बोटाच्या स्वभावास अनुसरून, समोर बसलेल्यांपैकी कोणाकडे तरी रोखून दाखवून खाली बसावे. तिची डाव्या हातावरची बहीण पाच वर्षांतून एकदा शाई लावून घेते आणि तेवढ्यावरच राष्ट्रकार्य झाल्याचे मानते, तिला हा मान कधी मिळाला नाही; परंतु शाई फुकट लागते आणि चाप ओढण्यास वीस लाख पडतात, आणि आपल्याकडे ज्या कर्तृत्वाची पावती मोठी तेच मोठे, हा दंडक काही आजचा नाही.

अमेरिकेचे नागरिकत्व पत्करलेल्या आपल्या बांधवांस मात्र कायद्याने एक सवलत ठेवलेली आहे. अलास्कात कायम राहणारा, एकोणीस वर्षांवरील जवळचा नातेवाईक बरोबर असेल तर त्यांस वाटाड्याची गरज नाही. आईबाप, भावंडे, मुले, नातवंडे, सासूसासरे, जावई, इतकेच काय मेहुणाही चालतो. काका, मामा आणि मावसभाऊ मात्र चालत नाहीत. ज्या संस्कृतीत मामाशिवाय मुंज लागत नाही, तिच्यातील माणसाने मामास घरी ठेवून अस्वलाच्या अंगावर जावे, ही कल्पनाच आम्हांस अशुभ वाटते. परंतु विवाह जुळविणाऱ्यांनी या कलमाची नोंद घ्यावी आणि वधूच्या अपेक्षित गुणांत ‘भाऊ अलास्कानिवासी’ हा रकाना वाढवावा.

मारलेल्या जनावराचे पुढे काय, याविषयी कायदा आणखी उद्बोधक आहे. तपकिरी अस्वलाचे कातडे आणि कवटी अरण्यातून आणलीच पाहिजे. मांस मात्र बहुतेक ठिकाणी जागच्या जागी टाकून येण्यास हरकत नाही. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियाने ऑगस्ट २०१७ मध्ये हाच हुकूम उलटा करून पाहिला: मांस हवे असेल तर ग्रिझली, म्हणजे तेथील तपकिरी अस्वल, मारा, परंतु शिर, पंजे आणि कातडे तुम्हांस ठेवता येणार नाही. अशा अटीवर कितीजणांना अस्वलाची भूक लागली असती, हे कळण्यापूर्वीच त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथील सरकारने, मूलनिवासींचे हक्क तेवढे राखून, ग्रिझलीची शिकारच बंद केली. अलास्कात अजून चालू आहे. तेथून आलेली कवटी साठ दिवस सुकवितात, मग तिची लांबी आणि रुंदी इंचांत मोजून बेरीज करतात, आणि ती पुरेशी भरली तर विक्रमांच्या वहीत मारणाऱ्याचे नाव चढते. मारणाऱ्याच्या कवटीचे माप घेण्याची तरतूद कोठेही आढळली नाही.

आणि यात अलास्काला तरी काय म्हणून हसावे? आमच्याच सुभ्यात, छावणीतील साहेबलोक आणि त्यांच्या पंगतीस बसू पाहणारे आपले जहागीरदार शिकारीस निघत, तेव्हा खबर आणणारा गावचा, माचाण बांधणारा गावचा, आमिषाला बांधलेले रेडकू गावचे, आणि पहाटेपासून काट्याकुट्यांतून डबे बडवीत हाका घालणारी माणसेही गावचीच असत. त्यांतील कित्येक वेठीला धरून आणलेली, आणि बिथरलेले जनावर मागे फिरले तर पहिला पंजा ज्यांच्यावर पडावयाचा ती हीच. माचाणावर बसलेल्या तर्जनीने आपले अर्ध्या इंचाचे कर्तव्य बजावले म्हणजे शिकार तिच्या नावावर चढे. अजिंठ्याची गोष्ट तर आपल्याकडील शाळकरी पोरासही पाठ आहे. १८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रासकडील घोडदळाचा एक कप्तान वाघाच्या मागावर वाघोरा नदीच्या घळीशी आला आणि त्याला लेणे दिसले. ते मेंढरे राखणाऱ्या पोराने दाखविले असे सांगतात, आणि ते काही असो, परिसरातल्या माणसांना ती लेणी ठाऊकच होती. वाघाचे काय झाले याची नोंद नाही. कप्तानाने मात्र दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात शिरून, खांबावरील शतकानुशतके टिकलेल्या चित्रावर आपले नाव आणि २८ एप्रिल ही तारीख ओरखडून ठेवली. ते नाव आम्ही येथे लिहीत नाही. ती व्यवस्था त्याने स्वतःच करून ठेवली आहे. मौजेची बाब एवढीच की, आज ते नाव माणसाच्या नजरेच्या बरेच वर दिसते, कारण त्या दिवशी लेण्यात पाचएक फूट दगडमाती साचलेली होती आणि कप्तान तिच्यावर उभा होता. दगडमाती पुढे उपसली गेली. उंची मात्र त्याच्या नावावर जमा राहिली. वाघ मिळाला नाही तर खांब मिळाला, पण कशावर तरी आपले नाव उमटलेच पाहिजे, ही हौस तेव्हाही होती आणि वाट दाखविणाऱ्याचे नाव कोठेच न उमटविण्याची पद्धतही तेव्हाचीच आहे.

येथवर आम्ही विनोदाने लिहिले. यापुढे तो साधेल असा भरवसा नाही. याच शहराच्या गल्ल्यांतून एके काळी दरवेशी अस्वल घेऊन फिरत. पोराला त्याच्या पाठीवर क्षणभर बसवीत आणि एक केस ताइतात घालण्यासाठी देऊन पैसा-दोन पैसे मागत. अस्वलाच्या नाकातून दोर ओवणे ही क्रूरताच होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९८ च्या अधिसूचनेने तो खेळ बंद झाला, हे योग्यच झाले. परंतु दोर बाळगणाऱ्या त्या दरिद्री माणसास आपण गुन्हेगार ठरविले आणि कवटी बाळगणाऱ्या या श्रीमंतास साहसी ठरवून त्याच्या भाषणाला टाळ्या वाजवीत आहोत, हा न्याय कोणत्या तागडीत तोलला? शौर्यच पाहावयाचे असेल तर वीस लाख कशाला हवेत? अजिंठ्याच्या डोंगररांगेत, गौताळ्यापासून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत, आपली काळी, लांब केसांची, वाळवी आणि मोहाची फुले खाणारी अस्वले अजून आहेत, आणि त्याच डोंगरांच्या पायथ्याशी आपला शेतकरीही आहे. पंपाला वीज रात्री येते म्हणून तो रात्री गव्हाला पाणी द्यायला निघतो. एका हातात फावडे, दुसऱ्या हातात मोबाईलचा उजेड, पायांत फाटक्या चपला. त्याच्यासोबत परवानाधारक वाटाड्या नसतो. वारा कोणीकडून वाहतो हे त्याला कोणी सांगत नाही, आणि अस्वल धावून आले तर ते बहुधा तोंडावर आणि डोक्यावरच येते, हे तो ऐकून असतो. तरीही जातो, कारण वीज सकाळी जाणार असते. घरी परतला तर त्याचा सत्कार होत नाही. परतला नाही तर पंचनामा होतो, आणि मग त्याच्या बायकोने दाखल्यांची पुडकी काखोटीस मारून कचेरीचे उंबरे झिजवावयाचे. वीज दिवसा द्या, ही मागणी मराठवाड्याच्या गावोगावी वर्षानुवर्षे होत आली आहे. ज्यांच्या जमिनीचे पैसे झाले त्यांना तिचा विसर पडावा आणि पाच-दहा वर्षांपूर्वी ज्या बांधावर आपला बाप अंधारात उभा राहत असे तो बांध विकून आलेल्या रकमेतून त्यांनी सातासमुद्रापलीकडे भीती विकत घ्यायला जावे, यापरती निर्लज्ज उधळपट्टी आम्ही पाहिली नाही.

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ पासून आहे. कन्नडच्या पुढे, शहरापासून दोन-अडीच तासांवर. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून एक वाघ कोणत्याही वाटाड्यावाचून चालत तेथे आला. तेथे तर्जनीला काम नाही, डोळ्यांना आहे. ज्यांना इतकीच हौस असेल त्यांनी एक पहाट तेथे जाऊन पाहावी आणि उरलेल्या वीस लाखांचे काय करावे ते पायथ्याच्या गावातल्या कोणालाही विचारावे. तो पत्रक न छापता सांगेल. बाकी वाचकांस आमची विनंती एवढीच की, उद्या एखाद्या बंगल्यात मेलेल्या अस्वलामागे गुडघे टेकलेल्या यजमानाचे छायाचित्र कोणी कौतुकाने पुढे केले, तर हे छायाचित्र काढले कोणी आणि त्याचे नाव काय, हे अवश्य विचारावे. आणि नाव सांगता आले नाही, तर चहा न घेता उठून यावे.