चाळीस हजार पौंडांचा कर्नल

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घोडदळाचा उमराव कर्नल तयार करायला जहागीर, मिशा आणि रोकड एवढं साहित्य पुरत असे. कार्डिगनचा सातवा अर्ल जेम्स ब्रुडनेल हा त्या जातीचा अस्सल नमुना. 1818 साली, जेमतेम विशीत, हे गृहस्थ नात्यातल्या उमरावाच्या खिशातल्या मतदारसंघातून पार्लमेंटात गेले. 1824 मध्ये फौजेत शिरले आणि सहा वर्षांत लेफ्टनंट कर्नल झाले, कारण तेव्हा हुद्दे रीतसर विकत मिळत. पहिली पलटण हाताखालच्या अधिकाऱ्याचा छळ केल्यावरून 1834 मध्ये हातची गेली. दोनच वर्षांत त्यांनी दुसरी घेतली. म्हणतात, चाळीस हजार पौंड मोजून. ही पलटण हिंदुस्थानात होती. साहेब तिच्यासोबत काही आठवडे राहिले आणि हिंदुस्थानात वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या अधिकाऱ्यांना जन्मभर तुच्छ लेखत राहिले. 1840 मध्ये भोजनाच्या टेबलावर वाइनची काळी बाटली दिसली. ती मजुरांच्या बिअरची समजून त्यांनी एका कॅप्टनला अटकेत टाकलं. त्याच वर्षी द्वंद्वयुद्धात दुसऱ्या कॅप्टनला गोळी घातली. खटला उमरावांच्याच सभागृहापुढे चालला आणि जखमी माणसाचं लांबलचक पूर्ण नाव सिद्ध झालं नाही, म्हणून आरोपी सुटला!

हे एका माथेफिरूचे चाळे आहेत, त्यात पद्धतीचा काय दोष, असं कोणी म्हणेल. पण माथेफिरूला दुसऱ्यांदा पलटण देणारं दुकान उघडं कोणी ठेवलं होतं? खुद्द सेनापती वेलिंग्टन या हुद्देविक्रीचा कैवारी होता. मालमत्तावाल्यांच्या हाती फौज असली की फौजेच्या जोरावर राज्य उलथणारा क्रॉमवेल निपजत नाही, हा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हता. कार्डिगननी राज्य उलथलं नाही, फक्त माणसं छळली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. क्रिमियाच्या युद्धात, 25 ऑक्टोबर 1854 रोजी बालाक्लाव्हाला लाइट ब्रिगेडच्या सुमारे पावणेसातशे स्वारांपुढे, रशियन तोफांच्या तोंडी, हाच माणूस मान ताठ ठेवून गेला. हुकूम त्याचा नव्हता; समोर तोफा आहेत हे त्याने वरिष्ठांना सांगितलंही. धैर्याला सलाम केलाच पाहिजे, विशेषतः दरपत्रकात नसलेला तेवढा एकच गुण त्याच्यापाशी होता म्हणून. पण ते वरिष्ठ म्हणजे लॉर्ड लुकन, सख्खे मेव्हणे, आणि दोघांचं हाडवैर. धड दोन वाक्यं बोलून शंका फेडायची सोय तिथे नव्हती. तोफांपर्यंत पोचून साहेब सहीसलामत परतले. उरलेल्या स्वारांना परत आणणं मात्र त्यांना आपलं काम वाटलं नाही. बंदरात त्यांची खासगी नौका उभी होती; इतर अधिकारी तंबूत झोपत, हे तिच्यावर.

1868 मध्ये घोड्यावरून पडून कार्डिगन वारले. हुद्द्यांची विक्री बंद व्हायला त्यानंतर आणखी तीन वर्षं लागली.