चारपट की पंचवीसपट?

१९७२च्या वन्यजीव कायद्याने आमच्या कर्नाटकातल्या अफजलपूर तालुक्यातली शिकार बंद केली; शिकारीच्या गप्पा बंद करणारं कलम घालायचं मात्र राहून गेलं. चिगरी हरणाला हात लावला तर तुरुंग. रानडुक्कर दिवसा उत्तरेला महाराष्ट्रातल्या अक्कलकोट तालुक्यात झोपा काढतं आणि रात्री हद्द ओलांडून आमच्या उसात जेवतं. सीमाप्रश्न त्याने केव्हाच निकालात काढलाय. आमचा इलाज म्हणजे बांधाला जुनी लुगडी बांधायची, डबा बडवायचा आणि सकाळी मोडलेला ऊस मोजायचा.

अशा गावाला टेक्सासातल्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, ‘‘मामा, रायफलवर जुनी हलकी दुर्बीण बसवू की नवी?’’

उत्तर द्यायला घरातले सगळे पुढे सरसावले. पण अधिकार आण्णांचा. ते गणिताचे निवृत्त मास्तर, आणि आजोबांच्या रायफलची दुर्बीण त्यांच्याच ट्रंकेत. रायफल परवान्यासकट जमा झाली, दुर्बीण तेवढी मागे राहिली. चारपट, एक इंची नळी, पुढची काच ३२ मिलिमीटर, वजन पाव किलोच्या जरा वर. कडांचा काळा रंग उडालाय. डोळा लावला की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, मग जग दिसतं.

ही दुर्बीण निवृत्त नाही. पहाटे थ्री फेज वीज आली की गच्चीवरून मळ्यातल्या पाइपातून पाणी पडतंय का, ते तिच्यातूनच बघतात. मीटर वाचणारा गल्लीत शिरला की तिची फुली बरोबर त्याच्या टोपीवर बसते. बिल कमी होत नाही, पण जिवाला बरं वाटतं.

भाच्याच्या मनात भरलेली नवी दुर्बीण म्हणजे पाच ते पंचवीसपट, नळी ३४ मिलिमीटर, काच ५६ची आणि वजन किलोच्या पुढे. साध्या फुलीच्या जागी शिंप्याच्या टेपसारख्या खुणाच खुणा, वर त्या अंधारात उजळतात. ‘‘तिन्हीसांजेला प्रकाश जास्त मिळतो, मामा,’’ भाचा म्हणाला.

आण्णांनी लग्नपत्रिकेची मागची बाजू ओढली. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यापर्यंत येणारा झोत. बत्तीस भागिले चार, आठ मिलिमीटर. छप्पन्न भागिले पंचवीस, जेमतेम सव्वादोन. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सातेक मिलिमीटर उघडते, उतारवयात पाचेक. ‘‘म्हणजे हरीण बाहेर पडायच्या वेळेला तू पट उतरवून सात-आठवर आणणार. पंचवीसचे पैसे, आठचं काम. आणि दुपारी? तापलेल्या रानावरची हवा हलते, तीही पंचवीसपट हलते. मृग राहिला बाजूला, मृगजळ एकदम स्पष्ट!’’

नव्या काचेवरचे थर प्रकाश कमी वाया घालवतात, पावसात ती आतून धुरकट होत नाही, कळ फिरवली की नेम नेमका तेवढाच सरकतो, हे भाच्याचे मुद्दे आण्णांना मान्य करावे लागले. हजार रुपयांची नोट सुटी करून देताना पूर्वी दुकानदाराचा व्हायचा, तसला चेहरा करून त्यांनी ते मान्य केले आणि लगेच थेट ऑलिम्पिक गाठलं. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलचं कांस्य मिळवलं. त्या खेळात मोठं करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. बारीक भोकातून बघायचं. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. ‘‘शर्टाचं बटण!’’ आण्णा गरजले.

मी जिम कॉर्बेट काढला. १९०७मध्ये चंपावतच्या वाघिणीपुढे त्याची काडतुसं संपली, तेव्हा तो तहसीलदाराची बंदूक घेऊन धावला. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात फट होती. नेम चुकला, गोळी पंजाला लागली; आधीच्या जखमांनी वाघीण पडली. तहसील कचेरीची वस्तू आणि ऐन वेळी मिळाली, यावर घरात कुणाचा विश्वास बसेना.

तेवढ्यात वहिनींनी भाकरी थापता थापता विचारलं, ‘‘हरीण असतं तरी किती लांब?’’

तिकडून जरा उशिरा उत्तर आलं. शंभरेक यार्डांवर. तिथे मक्याचं यंत्र बसवलंय, ते ठरल्या वेळेला दाणे सांडतं. हरीण वेळेवर खायला येतं. भाचा लाकडी खोपटात खुर्चीवर बसून वाट बघतो. टेक्सासच्या कायद्याला ते चालतं.

‘‘मग रायफल कशाला? ताट-वाटी दे!’’ वहिनी म्हणाल्या.

निकाल मात्र आण्णांनी दिला, आणि तो त्यांच्या सगळ्या गणिताच्या उलट होता. ‘‘हलकी दुर्बीण कुणासाठी? जो दिवसभर रायफल खांद्यावर टाकून डोंगर चढतो, त्याच्यासाठी. किलोभर वजन डोक्यावर घेतलेली रायफल त्याच्या हातात झुकते. तू चालत नाहीस, बसतोस. टेकवायला खिडकी आहे. वजन खिडकीला. बिनधास्त जड घे.’’

भाच्याला हा सल्ला झोंबला. दुसऱ्या दिवशी निरोप आला: जुनी, हलकी, चारपट घेतली, आता डोंगरात चालत शिकार करणार. आण्णांनी आशीर्वाद कळवला. पण तो खरंच चालतो की नाही, हे अफजलपूरच्या गच्चीवरून दिसेल अशी दुर्बीण अजून कुठल्याही कंपनीने काढलेली नाही.