पसारा बाईचा नव्हे, नकाशाचा

लहान घरात पसारा दिसला की पाहुण्याची नजर आधी घरातल्या बाईकडे वळते. ती वळायला हवी घराचा नकाशा काढणाऱ्याकडे.

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात आज ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. त्याआधी २६९ होतं, त्याच्याही आधी २२५. आकडा वाढला तो लोकांनी रेटा लावला म्हणून, आणि ते चांगलंच झालं. पण चौरस फूट मोजतात जमिनीवर आणि सामान लागतं भिंतीला. सलग भिंत किती मिळाली, हे करारात कुठेच लिहिलेलं नसतं.

अशा घरातली बाहेरची खोली डोळ्यांसमोर आणा. एका भिंतीत मुख्य दार, समोर खिडकी. तिसऱ्या भिंतीत स्वयंपाकघराकडे जायची वाट. चौथीत संडास-बाथरूमचं दार, तेही बरोबर मधोमध. आता तीन फूट रुंदीचं लोखंडी कपाट लावायचं कुठे? शेवटी ते अर्ध्या खिडकीवर येतं. वारा अडतो, उजेड अडतो, भर दुपारी ट्यूब लावावी लागते. नकाशातच ते दार दोन फूट कोपऱ्याकडे सरकवलं असतं, तर कोणाच्या खिशाला फारशी चाट बसली नसती.

जरा हिशेब करू. तीन बाय दीड फुटांचं कपाट साडेचार चौरस फूट अडवतं. दारं उघडून पुढ्यात उभं राहायला तेवढीच जागा आणखी लागते. उपनगरात चौरस फुटाला वीस हजार भाव धरला, तर या नऊ फुटांचे एक लाख ऐंशी हजार झाले. डोक्यावरची हवा मात्र फुकट आहे. ती वापरायची सोय नकाशात ठेवलेली नसते.

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत ही सोय होती. छत उंच, म्हणून पोटमाळा निघायचा. जाड भिंतीत फडताळ आणि कोनाडे, दारामागे खुंट्यांची पट्टी, छताला टांगलेली दांडी आणि तिच्यावर काठीने चढवलेले कपडे. जमीन रात्री अंथरुणांसाठी मोकळी राहायची. सार्वजनिक संडासाची रांग कोणालाच परत नको आहे, पण भिंत वापरायची ती अक्कल का टाकून दिली? आता बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून सबंध भिंत उभी करतात. इमारतीचा भार त्याच भिंतीवर असतो, त्यामुळे ती फोडून फडताळ काढायची सोय नाही. साधी खुंटी बसवायची तरी ड्रिल आणावं लागतं.

‘सामान कमी करा’ हा उपदेश करणं सोपं आहे. वर्षाचे गहू हंगामात स्वस्त मिळतात म्हणून भरावे लागतात. गावाहून तांदळाचं पोतं येतं. माणसंही येतात आणि त्यांना गाद्या लागतात. यातलं काहीही हौसेचं नाही.

घरात मावलं नाही की सामान बाहेर जातं. आधी चपलांचं कपाट, मग जुनी सायकल, मग जिन्याखाली गाठोडी. ६ ऑक्टोबर २०२३च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या एका पुनर्वसन इमारतीत आग लागली. तळमजल्यावर ठेवलेले जुन्या कापडांचे गठ्ठे आणि उभ्या गाड्या पेटल्या आणि धूर वरच्या घरांत भरला. किमान सात माणसं गेली. सामानाला जागा न ठेवणं ही गैरसोय तर आहेच, त्यात माणसांचा जीवही जातो.

आहे त्या घरात करता येईल ते करूच. दारं-खिडक्यांच्या वरच्या उंचीवर भिंतीभर दीड फुटाचा सज्जा घ्या. दिवाण घ्यायचा तर खाली खण असलेला घ्या. जड डबे आणि ट्रंका खाली, हलकं सामान वर. लहान मूल झोपतं त्या जागेच्या वर पितळी भांडी ठेवू नका. पावसाची झड खाणाऱ्या भिंतीला कपाट चिकटवू नका. मध्ये चार बोटं जागा सोडा, नाहीतर श्रावणापर्यंत गोधड्यांना बुरशी धरते. आणि जिना व पॅसेज रिकामे ठेवा, त्यात सवलत नाही.

पण खरं काम घर बांधण्याआधीचं आहे. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. शहरभर शेकडो सोसायट्या पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. बैठकांत बिल्डरकडून मिळणाऱ्या कॉर्पस निधीवर आणि भाड्यावर रात्री जागवल्या जातात, मग कपाट कुठे लागणार यावर अर्धा तास का मिळू नये? त्या बैठकीत घरातल्या बायकांना पुढच्या रांगेत बसवा, कारण कोणती वस्तू रोज लागते आणि कोणती गणपतीला, हे त्यांना पाठ असतं.

करारावर सही करण्याआधी बिल्डरकडून नकाशा मागून घ्या. त्यावर पलंग, कपाट, फ्रिज, धान्याची कोठी आणि दुसरा सिलिंडर मापाने काढून मागा. एकही वस्तू दारात किंवा खिडकीवर आली, तर नकाशा परत पाठवा. तो बदलून आल्याशिवाय सही करू नका.