साठ टक्के सज्जन कसे व्हावे

लर्निंग लायसनसाठी सरकारला तुमचा सज्जनपणा ६० टक्के पुरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये तसे लिहूनच ठेवले आहे. वाहतुकीच्या खुणा, रस्त्याचे नियम आणि चालकाची कर्तव्ये यांवर प्रश्न विचारायचे, त्यांतले ६० टक्के बरोबर आले की उमेदवार पास. पंधरा प्रश्न असतील तर नऊ. उरलेले सहा आले नाहीत तरी कोणाची हरकत नाही, आणि कुठले सहा येऊ नयेत हेही ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवायचे आहे. कोणी झेब्रा क्रॉसिंग सोडतो, कोणी इंडिकेटर सोडतो, कोणी 'थांबा'ची पाटी सोडतो. अभ्यासाला बसण्यापूर्वी आपले चाळीस टक्के कुठले, याचा निर्णय घरच्यांशी बोलून घेतलेला बरा. पुढे जन्मभर ते सांभाळायचे असतात.

आता किल्ली सांगतो. पुस्तक पाठ करायच्या भानगडीत पडू नका. तीन पर्यायांपैकी ज्यात तुमचा कमीपणा होतो, तो पर्याय बरोबर. तुम्ही अरुंद पुलाजवळ आलात आणि समोरून दुसरी गाडी पुलावर चढते आहे. वेग वाढवून आधी पार व्हाल, दिवे लावून घुसाल, की ती जाईपर्यंत थांबाल? थांबाल. मागची गाडी ओव्हरटेक करू पाहते आहे. तुम्ही तिला जाऊ द्याल. रुग्णवाहिका मागून आली तर बाजूला व्हाल. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर ती काठी म्हणजेच थांबण्याची खूण समजाल. या परीक्षेतला आदर्श चालक सतत कोणासाठी तरी थांबलेला असतो. तो घरी केव्हा पोचतो, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

फक्त मधल्या पर्यायापासून जपा. प्रश्न काढणारा माणूस आपल्याला पुरता ओळखून आहे. पहिला पर्याय उघड गुंडगिरीचा असतो, तो कोणीच निवडत नाही. तिसरा सज्जनाचा. आणि मधला असतो आपला: 'वेग कमी करून, हॉर्न वाजवून पुढे जाल.' त्यात समजूतदारपणा आहे, इशारा दिल्याचे समाधान आहे आणि थांबावेही लागत नाही. शिकलेसवरलेले लोक नापास होतात ते याच पर्यायावर.

एकेरी रस्त्याचा प्रश्नही असाच माणसे पाहून काढला आहे. एकेरी रस्त्यावर काय करू नये? पार्किंग, ओव्हरटेक, की गाडी रिव्हर्समध्ये चालवणे? उत्तर रिव्हर्स. सरळमार्गी उमेदवार इथे बुचकळ्यात पडतो, की एवढ्या लांब रिव्हर्स कोण नेईल? पेठांमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. गल्लीच्या तोंडाशी 'नो एंट्री' आहे, घर चार इमारती आत आहे. मग गाडीचे तोंड कायद्याच्या दिशेला ठेवायचे आणि पाठ घराच्या दिशेला नेत राहायचे. मामांनी अडवले तर गाडी कुठल्या बाजूला बघते आहे ते दाखवायचे. या युक्तिवादाला उत्तर म्हणून खास एक नियम करावा लागला, यातच त्याचा मान आहे.

नम्रतेची ही किल्ली एका ठिकाणी मात्र दगा देते, ते म्हणजे घाटात. रस्ता अरुंद आहे, एक गाडी चढते आहे, एक उतरते आहे, कोणी थांबायचे? उतरणाऱ्याने. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे कठीण, म्हणून मान चढणाऱ्याचा. तेव्हा तुम्ही वरंध घाट चढत असाल आणि सवयीने 'मी थांबेन' असे उत्तर दिलेत, तर फाजील सज्जनपणाबद्दल एक गुण जाईल. रक्तातल्या मद्याचा आकडाही नम्रतेने काढता येत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. ती पाठच करा. 'अजिबात नाही' हे उत्तर आईला आवडेल, पण पर्यायांत नसते.

आता पाट्यांकडे वळू. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे धोका, चौकोन म्हणजे माहिती. लाल कडेचा गोल असला तर करू नका, निळा असला तर कराच. 'थांबा'ला अष्टकोन आणि 'वाट द्या'ला उलटा त्रिकोण दिला आहे. हे आकार दुसऱ्या कुठल्या पाटीला नाहीत, त्यामुळे थंड देशांत पाटी बर्फाने झाकली तरी नुसत्या आकारावरून ओळखू येते. आपल्याकडे बर्फाचे काम वाढदिवसाचे फ्लेक्स करतात, पण ते चौकोनी असल्यामुळे आकारही राहत नाही.

काही जोड्या नीट घोटून ठेवा. अरुंद पूल आणि अरुंद रस्ता. निळ्या गोलावर एक तिरकी रेघ असेल तर पार्किंग मना, दोन रेघांची फुली असेल तर थांबणेही मना. ही दुसरी पाटी फार हिशेबाने काढलेली आहे. कारण पहिलीखाली गाडी लावून, इंजिन चालू ठेवून, काच अर्धी खाली घेऊन आपण जे सांगतो ना, की "पार्क कुठे केलीय, नुसता थांबलोय, मिसेस ब्लाउज आणायला आत गेल्यात", त्या वाक्याचा पुरता बंदोबस्त तिने केला आहे. तेव्हा फुलीखाली थांबायचे असेल तर दुसरे वाक्य तयार ठेवा.

नव्या पिढीच्या उमेदवारांना काही चित्रांसाठी आजोबांची मदत घ्यावी लागेल. टेलिफोनचा रिसीव्हर अठरा वर्षांच्या मुलाने हातात धरलेला नसतो. त्याला ते डंबेल वाटते. टांग्याला बंदी, हातगाडीला बंदी, बैलगाडीला बंदी, हे सगळे अजून तोंडपाठ लागते. रेल्वे फाटकाच्या दोन पाट्या आहेत. फाटकाचे चित्र असेल तर रखवालदार आहे. इंजिनाचे असेल तर नाही, तुमचे तुम्ही बघा. ब्रॉडगेजवरची बिनरखवालीची सगळी क्रॉसिंगे रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली, पण अभ्यासक्रमातले इंजिन काही हटायला तयार नाही. आणि एक पाटी पांढरी, गोल, तिरक्या काळ्या रेघेची: 'निर्बंध समाप्त'. ती क्वचितच कुठे लावलेली दिसते, तरी तिचे पालन सर्वत्र होते.

हातांच्या खुणा हा विषय फारसा कोणी करत नाही, तुम्ही करा. गुण पडून राहतात. खुणा सगळ्या उजव्या हाताने, कारण डावा गिअरवर. उजवीकडे वळायचे तर हात आडवा बाहेर, तळवा पुढे. वेग कमी करायचा तर तळवा जमिनीकडे करून हात खालीवर. डावीकडे वळायचे तर तोच उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. रिक्षाचालकाचा डावा पाय बाहेर आला तर काय समजावे, हे पुस्तकात नाही. तसेच स्कूटरवर मागे बसलेल्या काकूंचे. भाजीची पिशवी मांडीवर, एक हात पिशवीला आणि दुसरा रस्त्यावर पसरलेला, मान मात्र सरळ पुढे. ही खूण 'आम्ही वळणार आहोत' अशी नाही. 'आम्ही वळलो आहोत, तुमचे तुम्ही बघा' अशी आहे. तिचा मान ठेवा. ट्रकसुद्धा ठेवतात.

२०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा आधारच्या आधारे घरबसल्या देता येते. त्यामुळे सगळ्यांत महत्त्वाची सूचना: परीक्षेच्या वेळी खोलीत अनुभवी माणूस नको. पडद्यावर प्रश्न आलेला असतो, की झेब्रा क्रॉसिंगपाशी लोक रस्ता ओलांडायला उभे आहेत, तुम्ही काय कराल? आणि पुतणीच्या खुर्चीमागे काका.

"हॉर्न दे नि काढ."

"काका, थांबायचंय. तिसरा पर्याय."

"थांबलीस तर मागचा येऊन ठोकेल. अगं, तीस वर्षं चालवतोय मी."

"सेकंद संपतायत, काका!"

"मग मधलं दाब, मधलं. हॉर्न पण आहे त्यात."

काकांचे म्हणणे खोटे नाही, हीच पंचाईत आहे. मागचा खरोखर येऊन ठोकतो, कारण त्याच्या सोडलेल्या सहांत झेब्रा क्रॉसिंग होते. पण परीक्षेत मागचा नसतो. तेव्हा काकांना चहा देऊन गॅलरीत बसवा आणि खोलीची कडी लावून घ्या.

पूर्ण गुणांच्या मागे लागणाऱ्यांना एक इशारा. सिग्नल नसलेल्या, सारख्या तोलाच्या रस्त्यांच्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे असा नियम आहे. नियम उत्तम आहे. आता शंभर टक्के मिळवलेले चार चालक चार बाजूंनी एकाच क्षणी चौकात आले असे समजा. प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी आहे. प्रत्येकजण थांबला. उत्तरेचा पश्चिमेच्यासाठी, पश्चिमेचा दक्षिणेच्यासाठी, आणि असे करत गोल पुरा झाला. चौघेही नियमाने वागत आहेत, चौघांचाही पेट्रोलचा काटा खाली येतो आहे. हे चौघे हलणार केव्हा? एक पाचवा येईल तेव्हा, ज्याने नेमका हाच प्रश्न चुकवून साठ टक्क्यांवर सुटका करून घेतली होती. तो हॉर्न देईल, मधून काढेल, चौघे त्याला शिव्या देतील आणि त्या रागात आपापल्या वाटेने निघतील. राज्याने शंभर टक्क्यांची अट का घातली नाही, ते या चौकात उभे राहिल्यावर समजते.

पास झाल्यावरची कामे थोडी आहेत. लायसन सहा महिने चालते. पक्क्या लायसनची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते, तिथे दुचाकीवाल्यांना आठ काढावा लागतो आणि पाय टेकला की संपले. मधल्या काळात गाडीला पुढे-मागे 'एल' लावायचा आहे. पांढऱ्यावर लाल, पाटी १८ सेंटिमीटरहून लहान नको, अक्षर १० सेंटिमीटरहून बुटके नको. टिकलीएवढा स्टिकर लावून भागत नाही. हा 'एल' पाहून लोक अंतर ठेवतील अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तो पाहूनच मागचा हॉर्नवर तळवा टेकतो.

आणि गाडी एकट्याने चालवायची नाही. शेजारी पक्के लायसन असलेला, वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल असा माणूस बसलेला हवा. घरात असा माणूस एकच असतो, तो अजून गॅलरीत आहे. कडी काढा, काकांना बोलवा, पुढच्या सीटवर बसवा. ते लगेच हँडब्रेकवर हात ठेवतील. पट्टा लावायला सांगा.

"पुढच्या चौकात लावतो," काका म्हणतील. "मामा तिथे असतो. तू आधी रिव्हर्स घे, नो एंट्रीतून गेलं की जवळ पडतं."